टेबलाची शाळा

आत्या येणार म्हटलं की या घरातली मुलं आपणहून नखं कापत. ती एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि भावाच्या घरी आली तरी उंबऱ्यात उभी राहून आधी सगळ्यांवरून एक नजर फिरवायची. त्या नजरेतून ना विस्कटलेले केस सुटत, ना बुटांच्या सुटलेल्या नाड्या. आजोबांना जाऊन वर्ष झालं होतं, तेव्हा रविवारी चर्चमधून सगळ्यांनी परस्पर इकडेच यायचं ठरलं. पण हे झालं चारचौघांत सांगायचं कारण. खरं कारण आईला पक्कं ठाऊक होतं. आजोबा होते तोवर आत्याने जीभ आवरून धरली होती, कारण म्हाताऱ्याने एकदाच सगळ्यांना बजावलं होतं, “सुनेची शाळा आहे, सून बघून घेईल.” आता बजावणारा उरला नव्हता.

शाळा म्हणजे काय, तर स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीतलं एक लांबलचक टेबल. मिस्त्रीने, म्हणजे आईच्या नवऱ्याने, ते एका बंद पडलेल्या हॉटेलातून उचलून आणलं होतं. तिथली लिफ्ट तो दुरुस्त करायचा. थोरल्या ताईपासून शेंडेफळापर्यंत घरातली आठही मुलं त्या टेबलाशी शिकली. देवाने पदरात घातलेली पोरं दुसऱ्याच्या हवाली करायची नाहीत, असं आईने ताई पोटात असतानाच ठरवून टाकलं होतं. लोक म्हणाले, एक होईल, दोन होतील, मग हौस फिटेल. पाळणा हलत राहिला, लोक बोलून बोलून थकले, आणि टेबलाशी खुर्च्या वाढत गेल्या.

न्याहारीच्या बशा उचलल्या की पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, टेबलावर यायचं. आधी आई वाचायची, मग पुस्तक डाव्या हाताला सरकायचं आणि ज्याने त्याने आपल्या वाटणीचं वाचायचं. या घरात अक्षर ओळखायचं ते याच पुस्तकावरून, आणि शिकवायचं आपल्या वरच्या भावंडाने. ताईने दादाला शिकवलं, दादाने त्याच्या खालच्याला, अशी ती ओळ चालत आली होती. आईचं काम ऐकण्याचं. कोणी चुकलं की ती चमचा टेबलावर वाजवायची आणि वाचणारा मुकाट्याने ओळीच्या सुरुवातीला जायचा.

अलीकडे तिची सगळी भिस्त ऐकण्यावरच होती, आणि ती का, हे तिच्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. आजोबांच्या लांबलेल्या आजारपणात तिच्या डोळ्यांपुढे मधोमध एक राखाडी डाग आला. आधी तिला वाटलं, चष्मा पुसायचा राहिलाय. चष्मा पुसपुस पुसला, डाग जागचा हलला नाही, उलट पसरला. एक दिवस भाजी आणायला म्हणून बाहेर पडली आणि डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे जाऊन आली. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल, आणि गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरणीने सांगितलं. येताना ती खरोखरच भाजी घेऊन आली.

आता ज्याच्याकडे बघावं ते नाहीसं व्हायचं आणि त्याच्या शेजारचं दिसायचं. तरी घर बिनबोभाट चाललं होतं. मुलांना ती पावलांवरून ओळखायची. गणित सोडवलं की म्हणायची, “मोठ्याने वाच, लाज कसली?” शास्त्र तर लहानपणापासून तोंडपाठ. सकाळी पुस्तक समोर घ्यायची, तोंड जरा खिडकीकडे करायची आणि घडाघडा म्हणायची. खोटं ती कोणाशी बोलली नव्हती. कोणी विचारलंच नव्हतं, आणि आपण होऊन सांगायला ती धजत नव्हती. सांगितलं की त्याच दिवशी टेबलाची शाळा बंद, एवढं कळायला डोळे लागत नव्हते.

रविवारी सकाळी ती बटाटे सोलत बसली होती. समोर ताई कांदे चिरत होती.

“आत्या आज विषय काढणार,” आई म्हणाली.

“काढू दे.”

“मी ठरवून टाकलंय. म्हणणार, घ्या परीक्षा. इथेच घ्या, सगळ्यांसमोर. तुमच्या शाळेतली पोरं कुठे आहेत आणि माझी कुठे आहेत, ते एकदाचं होऊन जाऊ दे.”

सुरीचा आवाज थांबला. “परीक्षा कोणाची?”

“जुळ्यांची गणितात. भिंगरीची वाचनात.”

“भिंगरीला नको.”

“का बरं? तिच्याइतकं सुरेख घरात कोण वाचतं? तू वाचतेस तेव्हा मला डुलकी येते.”

“बुजेल ती.”

“भिंगरी बुजेल?” आईला हसू आलं. नऊ वर्षांची ती पोर एका जागी बसली तर ताप आहे का ते बघावं लागायचं. चर्चच्या पायरीवर अनोळखी माणसाला गाठून त्याच्या बायकोपोरांची खुशाली विचारायची. ती बुजणं शक्यच नव्हतं.

“दोन्हीला जुळ्यांनाच पुढे कर,” ताई म्हणाली. “माझं ऐक, आई.”

“तूसुद्धा आत्याला घाबरायला लागलीस.”

ताईने पुढचा कांदा ओढला. सुरी पुन्हा चालू झाली, आधीपेक्षा जरा जोरात. आईने त्याचा दोष कांद्याला दिला आणि सोललेले बटाटे पाण्यात सोडले. ताईने विशी ओलांडली होती. टेबलाशी धाकट्यांना बसवणं, शिवणटिपण, बाजारहाट, सगळं तिच्याकडे होतं. उजव्या हाताला काय हवंय, असं कोणी विचारत नाही, तसं आईनेही ताईला कधी विचारलं नव्हतं. ती होती, म्हणून घर चाललं होतं.

दुपारी माणसं आली. आजोबांच्या नावाने प्रार्थना झाली. ती सासूबाईंनी केली, आणि सासूबाई प्रार्थनेला बसल्या की देवालासुद्धा मध्ये बोलायची सोय नसे.

“आईचं आमेन होईपर्यंत सूप दोनदा गरम करावं लागतं,” धाकटा काका कुजबुजला. तो बस चालवायचा आणि बसमध्ये दिवसभर गप्प राहावं लागतं म्हणून घरी आल्यावर भरपाई करायचा. सासूबाईंनी डोळे न उघडता त्याचं नावही प्रार्थनेत घातलं, त्याला सुबुद्धी मिळावी म्हणून.

जेवणं झाली, बशा उचलल्या, चहा आला. आत्याने कप खाली ठेवला. तो आवाज ऐकूनच आईने पाठ ताठ केली.

“वहिनी, बाबांची आठवण काढायला आलोय, तेव्हा मी गोडच बोलणार आहे,” आत्या म्हणाली.

“म्हणजे कडू अजून पोटात आहे,” काका म्हणाला.

“तू गप्प बस. वहिनी, उद्यापासून आमचं नवं सत्र सुरू होतंय. तुझ्या धाकट्या चौघांसाठी मी जागा ठेवल्यात.”

“कोणी मागितल्या?”

टेबलाच्या त्या टोकाला मिस्त्री हळूच खाकरला. आईने ते ऐकलं, पण त्याचा विचार करायला तिला आत्ता सवड नव्हती.

“मागायला कशाला हव्यात,” आत्या म्हणाली. “माझीच भाचरं आहेत. तू थकतेस. आठ बाळंतपणं, बाबांचं आजारपण, सगळं तू एकटीने काढलंस. मी बघत नव्हते का? पण पोरांना जगात वावरायचंय, वहिनी. या टेबलाला चारच पाय आहेत.”

“माझ्या नातवंडांना काय कमी आहे?” असं कोणीतरी म्हणालं, आणि त्या सासूबाई होत्या हे कळल्यावर सगळ्यांनी माना वळवल्या. या शाळेला पहिल्यापासून नाकं मुरडणाऱ्या त्याच.

“आई,” आत्या म्हणाली, “पोरं अडाणी राहतील म्हणून तूच तर बाबांचं डोकं खायचीस.”

“खायचे. तेव्हा सुनेची बाजू घ्यायला ते होते. आता ते नाहीत, तर त्यांचं म्हणणं कोणी मांडायचं? खुर्ची रिकामी ठेवू का?”

आईला गहिवरून आलं. इतक्या वर्षांत सासूबाईंनी तिच्या पाठीवर एकदाही हात ठेवला नव्हता, आणि आज अख्खं वजन टाकलं. तिला एकदम धीर आला.

“वन्सं, मी भांडत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही परीक्षा घ्या. माझी पोरं कच्ची निघाली तर मी स्वतः त्यांना तुमच्या दारात आणून सोडीन.”

“आई,” ताई मागून म्हणाली, पण तोवर आत्याने खुर्ची पुढे ओढली होती.

जुळ्यांनी आईचा मान राखला. आत्याने एक गणित घातलं, ते तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत एकाने सोडवलं. दुसरं जरा आडवळणाचं घातलं, तर दुसऱ्याने ते दोन तऱ्हांनी सोडवून दाखवलं आणि वर विचारलं, “आत्या, यातली कोणती तऱ्हा तुमच्याकडे शिकवतात?”

“मला यातली एकही येत नाही,” काका म्हणाला, “आणि तरी रोज एवढी माणसं जिवंत घरी पोचवतो.”

मिस्त्री मोठ्याने हसला. दादाने टेबलावर थाप मारली. आत्यासुद्धा “बरं आहे, बरं आहे” म्हणाली, आणि तिच्या तोंडून ते येणं म्हणजे पदक मिळाल्यासारखंच होतं. आईच्या अंगावरचा ताण उतरला. जिंकल्याची चव काय असते हे ती विसरून गेली होती. ती तशीच थांबली असती तर बरं झालं असतं. पण हुकमाचं पान तिने अजून टाकलं नव्हतं, आणि ते टाकल्याशिवाय तिला राहवेना.

“भिंगरी, ये, बस इथे. ताई, तिला शास्त्र दे. पश्चात्ताप करणाऱ्या राजाचं ते लांब स्तोत्र आहे ना, ते उघडून दे.”

ताई कपाटापाशी गेली. पानं उलटल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग जाड पुस्तक टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

भिंगरीने वाचायला सुरुवात केली. तिचा आवाज स्वच्छ होता आणि कुठे थांबायचं, कुठे हळू व्हायचं, हे तिला कोणी न सांगता कळायचं. राजा रडतो तिथे तिने आवाज उतरवला. तो शुद्ध हृदय मागतो तिथे सावकाश चढवला. आई खिडकीकडे तोंड करून ऐकत होती, तिचे ओठ भिंगरीबरोबर हलत होते. सगळी मेहनत, सगळी टीका, रात्री पाळणा हलवत पाढे म्हणून घेतले ते सगळं या एका आवाजात फळाला आलंय असं तिला वाटलं. स्तोत्र संपलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

“बघितलंत, वन्सं?” ती म्हणाली. “काना नाही चुकला, मात्रा नाही चुकली. आणि लक्ष कसं, पानावरून नजर म्हणून हलवत नाही.”

कोणी काही बोललं नाही. आईला वाटलं, त्यांनाही भरून आलंय.

“सगळ्यात चपळ पोर,” ती पुढे म्हणाली, “पण पुस्तक हातात आलं की बघा.”

काका खोकला. कोणाच्या तरी कपाचा बशीवर आवाज झाला.

“वहिनी,” आत्या म्हणाली. तो आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता, फार मऊ होता, आणि त्याचीच आईला भीती वाटली. “तिच्यापुढे कोणतं पान आहे?”

“स्तोत्राचं.”

“बघून सांग.”

आईने मान वळवली. पुस्तक जिथे असायला हवं तिथे डाग होता. तिने नजर थोडी बाजूला नेली तेव्हा त्याच्या कडेला निळं काहीतरी दिसलं. बराच मोठा निळा पट्टा होता. शास्त्रात निळं कुठे असतं, असा विचार तिने केला.

“नकाशा आहे,” मिस्त्री म्हणाला. “शेवटचा नकाशा. अर्ध्या पानावर नुसता समुद्र आहे.” त्याची खुर्ची मागे सरकली. “भिंगरी, हे काय चाललंय? सगळ्यांना फसवायला कोणी शिकवलं तुला?”

“मी वाचलं की, बाबा.”

“नकाशावरून?”

“मला कुठूनही वाचता येतं.” तिच्या आवाजात लाज नव्हती, भीतीही नव्हती, नुसता गोंधळ होता. “आईसारखं. आई पण तसंच वाचते. पुस्तक समोर ठेवते आणि खिडकीकडे बघते. पान उलटायचं राहिलं तरी तिचं अडत नाही. दादा आणि ताईला अजून पानाकडे बघावं लागतं, कारण त्यांना नीट येत नाही.”

एरवी यावर काकाने चार वाक्यं तरी जोडली असती. तो खाली बघत बसला. आईला वाटलं, आता कोणीतरी बोलावं, काहीही बोलावं, भांडावं तरी.

“सूनबाई,” सासूबाई म्हणाल्या. “इकडे माझ्याकडे बघ.”

“बघतेच आहे.”

“नाही बघत. माझ्या कानाकडे बघते आहेस.”

मग तिने सांगितलं. फार काही नव्हतंच सांगायला, चार-पाच वाक्यांत झालं. डाग, डॉक्टरणी, कडेचं राहील, मधलं जाईल. बोलताना आपला आवाज किती शांत येतोय याचं तिलाच नवल वाटलं.

“मला सांगितलं नाहीस,” मिस्त्री म्हणाला. तो चिडला नव्हता. त्याला लागलं होतं. “एका घरात राहतो आपण. मी रोज तुझ्यासमोर बसून जेवतो.”

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही वन्संना हो म्हणाला असतात.”

“हो तर मी म्हणूनच बसलोय.” तो पुन्हा खाली बसला. “महिना झाला. जागा मीच मागितल्या. तुझी दमछाक बघवत नव्हती. तुला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून आजचा दिवस धरला.”

म्हणजे परीक्षा पास होऊनही काही होणार नव्हतं. जुळ्यांनी तोडीस तोड उत्तरं दिली तेव्हा हा मोठ्याने हसला होता, आणि आतून त्याचं ठरलेलं होतं. आईला राग यायला हवा होता. पण रागवायला समोरचा माणूस खोटा असावा लागतो आणि आपण खरे असावे लागतो. इथे दोघं सारखेच होते.

“या घरात सगळेच एकेक लपवून बसलेत,” काका म्हणाला. त्याला विनोद करायचा होता, तो झाला नाही.

आत्याने भिंगरीला जवळ ओढून घेतलं होतं. “तुला वाचायला आवडतं?”

“मला येतं.”

“येतं गं. पण वाचायचा आणखी एक प्रकार असतो. ज्यात पुढे काय येणार ते आपल्याला आधी माहीत नसतं. तो शिकशील का माझ्याकडे?”

“तो आईला येतो?”

“येतो,” आत्या म्हणाली. “तिला फार चांगला यायचा.”

आत्याने टोमणा मारला असता तर आईला सोसलं असतं. एवढी वर्षं ती त्याचीच तर तयारी करून बसली होती. हा मऊपणा तिला सोसेना. आपल्या पोरीला नऊ वर्षांत एक अक्षर येत नाही आणि आपण तिला रोज शाबासकी देत होतो, हे एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. पोरीने फसवलं नव्हतं. तिने आईची नक्कल केली होती, जशी सगळी लेकरं करतात. देवाने दिलेली पोर दुसऱ्याच्या हवाली करायची नाही म्हणून जिवाचं रान केलं, आणि तिच्या वाट्याला काय आलं, तर एक पाठ केलेलं पुस्तक.

“घेऊन जा, वन्सं,” ती म्हणाली. “चौघांना घेऊन जा. मी शब्द दिला होता.”

“उद्या सकाळी आणून सोडा. बाकीचं मी बघते.”

मग सगळे एकदम बोलायला लागले, जसे आजारी माणसाच्या उशाशी बोलतात. शेगडीजवळ तिला एकटं जाऊ द्यायचं नाही. जिन्याला कठडा दोन्हीकडून बसवायचा, ते दादाने अंगावर घेतलं. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला दाखवायचं. बाजार, औषधं, शिवण.

“त्याची काय काळजी,” सासूबाई म्हणाल्या. “ताई आहे ना.”

“ताई आहेच,” मिस्त्री म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा जरा मोकळा झाला.

“पोरगी म्हणजे देवाने पाठवलेली,” काका म्हणाला.

आत्या तेवढी काही बोलली नाही. इतका वेळ एकेका गोष्टीची सोय लावणारी आत्या ताईचा विषय निघाला तशी गप्प झाली आणि पर्स उघडून उगाच काहीतरी शोधायला लागली. आईला पर्सच्या कडीचा आवाज आला. तिला ते जरा विचित्र वाटलं, पण तेवढ्यात निरोपाची गडबड सुरू झाली.

माणसं गेली. मिस्त्री सासूबाईंना पोचवायला गेला, मुलं अंगणात पांगली. बाहेर भिंगरी कोणालातरी ओरडून सांगत होती की ती उद्यापासून वाचायचा दुसरा प्रकार शिकणार आहे. संध्याकाळचा उजेड अजून होता. ताई बशा धूत होती आणि आई त्या पुसून एकावर एक रचत होती.

“पान कोणी उघडलं होतं?” आईने विचारलं.

“मी.”

“चुकून?”

“नाही.”

आईने बशी खाली ठेवली. इतका वेळ तिने मनात आत्याला दोष दिला होता, मिस्त्रीला दिला होता. या मुलीचं नावही तिच्या मनाला शिवलं नव्हतं.

“तिचं मला बऱ्याच दिवसांपासून माहीत होतं,” ताई म्हणाली. “तिला शिकवायचं जुळ्यांनी, पण आजोबांच्या गडबडीत ते राहूनच गेलं. तुला सांगितलं होतं मी. आजोबा आजारी होते तेव्हा. तू म्हणालीस, माझे कान जागेवर आहेत. मग मी तिला चोरून शिकवायला बघितलं, पण तू तिला रोज शाबासकी द्यायचीस. रोज शाबासकी मिळणाऱ्या पोरीला, तुला येत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? सकाळीही मी म्हटलं, तिला नको. तू ऐकलं नाहीस. पुस्तक हातात आलं आणि वाटलं, आता पुरे.”

“सगळ्यांसमोर.”

“एकटीला सांगून तू मानतेस का, आई?”

आईने खाली ठेवलेली बशी पुन्हा उचलली. नळाचं पाणी वाहत होतं.

“आणि माझं?” आईने विचारलं. “माझ्या डोळ्यांचं कधी कळलं?”

“तुझं कळलं असतं तर मी ते पान उघडलंच नसतं.” ताईने नळ बंद केला. “आत्याने माझ्यासाठी नर्सिंगला जागा बघून ठेवलीय. दुसऱ्या गावी, राहायचं तिथेच. मी तिला विचारलं होतं, तिने आपण होऊन नाही केलं. म्हटलं, एकदा मुलं शाळेत गेली की टेबल रिकामं होईल आणि माझ्यावाचून तुझं अडणार नाही. मग सांगीन तुला. भिंगरीचं उघडं पडलं की मुलं जातील, आणि मी सुटेन, असा माझा हिशोब होता. तू त्यात सापडशील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.”

पर्सची कडी का वाजत होती ते आईला आता कळलं. ताई आता अडकली, हे आत्यालाही तेव्हाच कळलं असणार, आणि तीही गप्प बसली.

“आता तो विषय संपला,” ताई म्हणाली. आवाजात कडवटपणा नव्हता. तो असता तर आईला काहीतरी पकडायला मिळालं असतं.

पण विषय संपला म्हणूनही ताईने पुढची बशी उचलली नाही. ती तशीच उभी राहिली, ओले हात ओट्यावर टेकून. थांबली होती. कशासाठी, ते आईला लख्ख कळलं. एकच शब्द हवा होता, आणि तो आईच्या तोंडात तयार होता. जा, एवढं म्हणायचं. माझं मी बघीन, सासूबाई आहेत, दादा आहे, तू जा. आठ मुलांना ती रोज सांगत आली होती की आपली भीती देवावर टाकावी आणि योग्य ते करावं. योग्य काय ते तिला डोळ्यांनी दिसावं इतकं स्पष्ट होतं.

मग उद्याची सकाळ तिच्या डोळ्यांपुढे आली. दादा आणि मधले दोघे कामावर गेलेले, टेबलाशी शेंडेफळसुद्धा नसणार. खुर्च्या रिकाम्या, घर रिकामं, शेगडीवर काय उतू जातंय ते वासावरून ओळखायचं, जिन्याच्या पायऱ्या पायाने चाचपायच्या, आणि तो डाग दिवसागणिक वाढत जाणार. त्या घरात आपण एकट्या. तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

“उद्या सकाळी मुलांना शाळेत तूच सोडून ये,” ती म्हणाली. “यांना कामावर लवकर निघायचं असतं.”

ताईने हात ओट्यावरून काढले.

“बरं,” ती म्हणाली, आणि तिने नळ पुन्हा सोडला.

आईच्या जिवात जीव आला. आणि तो आला याची तिला इतकी शरम वाटली, की केव्हाची कोरडी झालेली बशी ती पुसतच राहिली.